ताईच्या ताटातलं

ताई : …आता पुढचं ऐक. "नव्या नर्सेसना माझं एकच सांगणं. नोकरीला लागले तेव्हाचा गणवेश मला आजही होतो. एक बटणसुद्धा सरकवावं लागलेलं नाही. ना उपास, ना पथ्य, ना व्यायामाचं खूळ. पोट भरलं की हात थांबला, बस्स." कसं वाटलं?

ठमी : शी.

ताई : शी काय? मेट्रन म्हणून उद्या सगळ्या पोरींसमोर बोलायचंय मला.

ठमी : म्हणून तर शी म्हटलं. दिवसभर लॉन्ड्रीत लोकांच्या घामट कॉलरी घासते मी, मला सहसा किळस येत नाही. पण तुझं हे भाषण ऐकून आली बघ.

ताई : सख्ख्या बहिणीचं कौतुक म्हणून नाही मेलीला. जळतेस तू.

ठमी : जळते तर जळते. कपाटात तीन मापांचे कपडे आहेत माझ्या. फुगले की हे, वाळले की ते.

ताई : कारण तू मनावर घेत नाहीस. महिनाभर उपाशी मरतेस, मग भूत शिरल्यासारखी खातेस. असं नसतं गं ते! रोज वेळेवर मिळतंय म्हटल्यावर शरीर उगाच हावरटपणा करत नाही. भुकेचं ऐकायचं, डोळ्यांचं नाही. माझं लहानपणापासून असंच. आई म्हणायचीच ना, ताईचं पोट म्हणजे घड्याळ.

ठमी : आणि माझं पोट म्हणजे काय म्हणायची?

ताई : आता ते कुठे आठवायला बसू मी?

ठमी : हौद. "आमच्या ठमीचं पोट म्हणजे हौद." पाहुण्यांसमोर. आणि सगळे खो खो हसायचे. तूही.

ताई : चेष्टेत म्हणायची गं ती. जेवताना जुनं उकरून काढू नकोस. मनी, बाळा, हा बटाटा घे. मला बास झालं. अर्धं अंडंही राहिलंय, तेही घे. वाढत्या अंगाची आहेस.

मनी : दे मावशी.

ठमी : मने, हात मागे घे.

मनी : अगं आई, मावशीच देतेय…

ठमी : मागे घे म्हटलं ना! ताई, उचल ते. माझ्या पोरीच्या ताटातून आधी उचल.

ताई : ओरडतेस काय अशी? विष कालवलंय का मी त्यात? अन्न वाया जाऊ नये म्हणून दिलं.

ठमी : हाच! अगदी हाच सूर आईचा. "ताई नाजूक आहे, तिला जबरदस्ती नको. ठमी खाईल. अन्न वाया जायला नको." पोट भरलं की तुझा हात थांबायचा, खरं आहे. पण ताट कुठे थांबायचं? ते सरकत सरकत माझ्यापुढे यायचं. तुझे दात उमटलेला पाव. गार भातावर गोठलेलं तूप. तुझ्या ओठांना लागलेली साय परत पेल्यात पडलेलं दूध, शी! डोळे मिटून गिळायची मी. पोट माझंही भरलेलं असायचं, ताई.

ताई : मग बोलायचंस ना तेव्हाच.

ठमी : एवढीशी होते मी! आणि "ठमी किती शहाणी, ताट कसं लख्ख केलं," एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला यायचं. तेही सोडू? अजून सुटलेलं नाही मेलं. नवऱ्याचं उरलेलं, पातेल्यातलं खरवडलेलं, सगळं ह्या हौदात. नंतर मोरीत तोंड धुताना स्वतःचीच इतकी किळस येते ना… पोट भरलं म्हणजे नक्की काय वाटतं, ते मला आजही समजत नाही. तुला समजतं, कारण तुला थांबू दिलं.

ताई : देवाशपथ, माझ्या डोक्यातच कधी आलं नाही हे.

ठमी : येईल कसं? तू उठलीस की मागे वळून बघत नव्हतीस.

ताई : मने, खरं सांग. तुला हवा होता ना गं बटाटा?

मनी : नाही… पोट भरलंय माझं.

ताई : मग "दे" कशाला म्हणालीस?

मनी : तू दर रविवारी देतेस ना. नको म्हटलं तर तुला वाईट वाटेल.

ठमी : ऐकलंस? घाल हे भाषणात.

(ताई बटाटा आणि अंडं उचलून आपल्या ताटात परत घेते.)

ताई : बरं बाई. माझं आहे, मीच खाते. टाकायचं तर नाहीच… ई! गारढोण झालंय सगळं. आणि हा बलक कसा टाळ्याला चिकटलाय. ठमे, पाणी दे.

ठमी : घे. सावकाश.

ताई : नाही जात गं. भरल्या पोटी घशाखाली उतरतच नाही.

ठमी : माझ्याही घशाखाली उतरायचं नाही तेव्हा.