मेट्रोतली निरगाठ

अगं, आपल्या संभाजीनगरात मेट्रो येईल तवा येईल, पुण्यातल्या मेट्रोनं मात्र माझा लई घाम काढला. नात पल्लवीची नव्या नोकरीसाठी मुलाखत होती, मी हौसेनं तिच्यासंगं गेले. उतरल्यावर ती कार्ड लावून फाटकाभायेर गेली, मी आतच! गाडीत कार्ड चोरीला जाईल म्हणून पानाच्या चंचीत घालून वर निरगाठ मारलेली. ती दातानं बी सुटंना.

“आज्जे, माझी मुलाखत हुकंल गं!” पोरगी रडकुंडीला आली.

मी रागानं चंचीच मशीनवर आपटली. फाटक उघडलं! जीव भांड्यात पडला.

“चंचीतूनबी कार्ड चालतं, तुला ठावं होतं?” पल्लवीनं इचारलं.

“व्हय तर! उगीच आपटली व्हय?”

मुलाखतीला येळेत पोचलो. नोकरी लागली, अन् पोरगी अजून सगळ्यांना सांगती, आमची आज्जी लई हुशार.