पुढच्या दोरीवरचे शर्ट

नाही गं, बरोबर ऐकलंस, निम्मंच भाडं सांगितलं मी — आणि अशी भिंत चाचपू नकोस, ओल नाही ती, कपाट सरकवल्याची खूण आहे. किती घरं बघितलीस सकाळपासून? चेहराच सांगतोय. एकीकडे नळाला पाणी नाही, दुसरीकडे मालकिणीच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही — आणि आता तिसरी मी! बैस. काकू म्हण मला. ही पुढची खोली तुम्हा दोघांची, स्वयंपाकघर अर्धं तुझं, अर्धं माझं. फक्त सामान आजच आणा. उद्या नको. का म्हणजे? नव्या संसाराला उशीर कशाला करायचा, म्हणून.

अट एकच, कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घालायचे. मागे ऊन जास्त येतं, ठाऊक आहे, तरी पुढेच. खाली रस्त्यावरून दिसले पाहिजेत. नवऱ्याचे शर्ट तर अगदी कडेला — हसतेस? हस. बोलत नाहीस फार, बघतेस मात्र सगळं. दोरीवरचा तो निळा शर्टही मघाशीच हेरलास. बाई म्हणते एकटी राहते, मग शर्ट कुणाचा — आलं ना मनात? आमच्या ह्यांचा. हे गेले, शर्ट राहिले.

त्याचं काय आहे, आमच्या चिरंजीवांना हे घर विकायचंय. मला तिकडे, त्याच्या घरी नेणार म्हणे, बाल्कनी काचेनं बंद करून तिथे माझी खोली — मी काय कुंडी आहे? मग दिलं ठोकून, भाडेकरू ठेवलेत म्हटलं, लगेच कसं विकता येईल! झालं, रोज ह्यांचे शर्ट धुवायचे. कुणी न घातलेले शर्ट, बरं का — धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करून परत कपाटात. शेजारीण म्हणायची, भाडेकरू टापटिपीचा दिसतो हं तुमचा. मी म्हणायचे, हो ना, कॉलरला मळ म्हणून नसतो!

फसले कुठे? खिशात. हे चष्मा सारखा विसरायचे, म्हणून प्रत्येक शर्टाला आतून मी एक जादा खिसा शिवलेला. आणि कपडे वाळत घालायचे उलटे करून, रंग विटू नये म्हणून — जन्माची सवय, हात काय विचारून चालतात? खिसा सरळ रस्त्याकडे तोंड करून! चिरंजीव खाली उभे राहून बघत बसले. वर काही आला नाही तो. रात्री फोन — "आई, बाबांचा चष्मा हल्ली कोण वापरतं?" एवढंच. तरी आजही वाळत घातलाच की मी शर्ट, बघ ना.

आज येतोय तो. घर घेणाऱ्या माणसाला घेऊन. तेव्हा दोरीवर खरे कपडे हवेत, दारात खऱ्या चपला — का उठलीस? घर कुणाच्या नावावर? त्याच्याच. ह्यांनीच हौसेनं केलेलं. म्हणजे मला भाड्यानं देताच येत नाही — एवढं बारीक ऐकायचं नसतं गं! काढेल का तुम्हाला? काढेलही. मघापासून थापाच मारतेय, हे एक खरं सांगते. पण निदान काही दिवस तुमच्या डोक्यावर छप्पर राहील, आणि माझ्याही. ह्या भाड्यात दुसरं कोण देतंय तुम्हाला ह्या भागात?

बेल. तोच. बोट काढतच नाही बटणावरून, लहानपणापासून असाच. हे बघ, जायचं असेल तर स्वयंपाकघरातून मागचा जिना आहे, अडवणार नाही मी. थांबायचं असेल तर ही उशी घे, खोळ घालत बस, इथलीच वाटशील. नवरा कुठे विचारलं तर कामावर म्हण, ते काही खोटं नाही. आले रे, आले! — आणि तुझ्या चपला दाराबाहेरच आहेत ना? असू देत. तशाच असू —

थांब. बेल का थांबली?

बोलू नकोस. चपला बघतोय.