समुद्राकडची खोली

नीराबाई: …अरे, माझ्या या हातांनी बंद केली होती ती खोली! फोनवर लाल चौकोन आला होता, म्हणजे बंद. आता बघ, पुन्हा हिरवा. आणि ठाण्याची मंडळी बॅगा घेऊन अंगणात उभी!

विनेश: आई, आधी त्यांना बसव, कोकम सरबत दे. मी बघतो.

नीराबाई: दिलं सरबत. खोल्या भाड्यानं द्यायला केलेल्या तुझ्या त्या अ‍ॅपला काय देऊ ते सांग.

अनंता: हे बघ विनेशा, माझ्यावर ढकलू नका हां. काल त्यांचा फोन आला, खोली मोकळी दिसली, दिली. एवढंच.

नीराबाई: एवढंच! उद्या मनाली यायचीय, सातवा महिना लागलाय तिला. बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे ती. कुठे झोपवू? नारळाच्या ढिगावर?

अनंता: मी बोललो तसं?

नीराबाई: तोंडानं नाही बोललात. फोननं बोललात. तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं तिनं, तो राग अजून गेला नाही तुमचा. मागच्या वेळी भेटायला आली, तर मांडव्याला जेट्टीवर ताटकळत ठेवलीत. बिचारी परतीच्या लाँचनं गेली.

अनंता: उशीर झाला होता मला.

नीराबाई: झाला की केलात?

विनेश: आई, पुरे! आपण खोलीचं बोलतोय ना?

नीराबाई: मी खोलीचंच बोलतेय! तुझ्या अ‍ॅपात मनाली पण बघते ना सगळं तिच्या फोनवर? काल विचारत होती, आई, माझी खोली सारखी मोकळी का होते, बाबा काढतात का? म्हणाली, नसेल जमत तर मी इथेच थांबते.

अनंता: असं बोलली ती?

नीराबाई: मग काय खोटं सांगतेय?

विनेश: एक मिनिट, एक मिनिट. गणपतीपासून हे अ‍ॅप नीट चाललंय. बिघडलं कधी?

नीराबाई: मनालीनं येते म्हणून कळवलं ना, तेव्हापासून. म्हणून तर म्हणते.

विनेश: तू खोली बंद करतेस कधी?

नीराबाई: यांनी फोन ठेवला की लगेच. पडवीतून आवाज येतो, हां हां, समुद्राकडचीच देतो, हवा मस्त हाय! की मी चुलीवरचं तसंच टाकून येते, हात पुसते आणि बंद करते. संध्याकाळी बघावं तर यांचंच वर. माझं गायब.

विनेश: मग तर तुझंच राहायला हवं. मी नियमच तसा केलाय. संध्याकाळी नेट आलं की अ‍ॅप सगळ्यांच्या फोनांतलं जुळवतं; एका खोलीला दोघांनी हात लावला असला, तर ज्याचं नंतरचं, ते ठेवायचं. आधीचं टाकून द्यायचं.

नीराबाई: टाकून द्यायचं? न विचारता?

विनेश: अगं, सारखं विचारलं तर माणूस वैतागतो.

नीराबाई: आणि आता मी कोण आहे? वैतागलेली नाहीये?

विनेश: बाबा, खरं सांगा. आईनं बंद केलेली खोली तुम्ही पुन्हा उघडता का?

अनंता: देवाशपथ न्हाय. मला कधी लाल दिसलीच न्हाय ती. गिऱ्हाईक फोन करतं, मी त्या खोलीचं पान काढतो, दर टाकतो, झालं. मला वाटलं, तुझी आई मनालीला आपल्याच खोलीत घेणार, जवळ. रात्रीअपरात्री उठायला लागलं तर.

नीराबाई: मला विचारलंत का?

अनंता: मोकळी दिसत होती. म्हटलं, तूच ठेवलीयस मोकळी.

विनेश: तुमचा फोन द्या इकडे. अहो, द्या ना! लपवताय काय?

अनंता: लपवत न्हाय. धर.

विनेश: अरे यार. बाबा, किती वाजले?

अनंता: पाच.

विनेश: माझ्यात साडेचार. आईच्यात साडेचार. आणि तुमच्यात पाच!

अनंता: तू तुझं अ‍ॅप बघ. माझं घड्याळ कशाला बघतोस?

विनेश: अहो, घड्याळातच सगळं आहे! तुम्ही साडेचारला दर टाकता, फोन लिहून ठेवतो पाच. आई पावणेपाचला खोली बंद करते. अ‍ॅप बघतं, पाच नंतरचे, पावणेपाच आधीचे. तुमचं ठेवतं, आईचं फेकून देतं. तिनं दहा मिनिटांत बंद करावी नाहीतर वीस मिनिटांत, तुम्हीच जिंकणार!

नीराबाई: म्हणजे मी धावत येत होते तेच चुकत होतं?

विनेश: हो. कणीक मळून, भाजी फोडणीला टाकून, सावकाश आली असतीस तर राहिलं असतं.

नीराबाई: कपाळ माझं!

विनेश: आणि नुसता दर बदलला तरी अ‍ॅप अख्खी खोलीच नव्यानं लिहितं, मोकळी म्हणून. ती चूक माझी. सगळ्यांची घड्याळं खरीच असणार, असं धरून चाललो मी.

नीराबाई: शिकून हेच केलंस? दोघांचं वेगळं निघालं तर थांबावं, विचारावं, बाबांनो, काय ते ठरवा.

विनेश: आणि तुम्ही? एका छपराखाली राहता! तू चुलीपाशी, हे पडवीत, मधे एक दार. एकदा तरी म्हणालात का एकमेकांना, ती खोली मनालीची? दोघंही फोनमध्ये बघून एकमेकांच्या मनातलं ओळखताय!

(अंगणात ठाण्याचं पोर झोपाळ्यावर बसून करकर वाजवत असतं.)

नीराबाई: पण मी म्हणते, घड्याळ पुढे केलंच कशाला? कोणी सांगितलं होतं?

अनंता: कोणी न्हाय. अलिबागला सुजितच्या मोबाइलच्या दुकानात गेलो, त्याला बोललो, अर्धा तास पुढं कर. आपोआप मागं येत होतं, तेबी बंद करून घेतलं.

विनेश: पण का, बाबा?

अनंता: भिंतीवरचंबी केलंय. माझ्या रिक्षातलंबी.

नीराबाई: अगो बाई! म्हणून रोज जेवायला घाई करत होतात! आणि मी आपली म्हणतेय, यांना भूक का लागते इतकी.

विनेश: बाबा, मी विचारतोय, का?

अनंता: का म्हणजे काय रे? तिचा फोन आला येते म्हणून, त्याच दिवशी केलं. मागल्या खेपेला मी जेट्टीवर पोचलो तवा लाँच सुटली होती. पोरगी पाठमोरी उभी होती, दिसत होती. हाक मारली, पण त्या इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जातंय. म्हटलं, या वेळेला आपण आधी पोचायचं. तिच्याही आधी.

नीराबाई: अहो… हे तेव्हाच सांगायचं ना मला.

अनंता: तू ऐकत होतीस?

नीराबाई: …नव्हते.

अनंता: त्या ठाण्याच्या लोकांना आपली खोली दे. आपण पडवीत झोपू. समुद्राकडची धुऊन घे, चादरी बदल.

नीराबाई: चादरी कधीच्या काढून ठेवल्यात. आता त्या दाराला कुलूपच घालते आणि चावी कमरेला लावते. बघू कुठलं अ‍ॅप उघडतं ते!

विनेश: आई, मी मनालीला फोन करून सांगतो, खोली तुझीच आहे म्हणून. आणि बाबा, तुमची वेळ नीट लावून देतो, म्हणजे भानगडच मिटली.

अनंता: फोन मी करतो तिला. आणि वेळेला हात लावू नको.

विनेश: अहो, पुन्हा गोंधळ होईल!

अनंता: होऊ दे. उद्या ती लाँचमधून उतरली, की मग लाव.