डॉक्टर टेंभरेंचा दुसरा निबंध

मंडळी,

माईक जरा खाली घेतो. या शोकसभेत बोलायला उभा राहिलो आहे. दुःखानं उभा आहे, हे खरं. रागानंही उभा आहे, तेही खरं. डॉक्टर टेंभरे असते तर म्हणाले असते, "देवानंदा, अर्धवट नको सांगू." म्हणून पूर्ण सांगतो.

मी देवानंद. कुडव्याला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शाळा दहावीत सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन दुकानातच शिकलो. छातीच्या रोगांवरचे डॉक्टरांचे सगळे निबंध माझ्या हातून टाइप झाले. त्यांचा एक स्वल्पविराम मी कधी इकडचा तिकडे केला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या आधी बोलणारे म्हणाले, डॉक्टरांचे निबंध जगभर गाजले. चूक. गाजला एक. राइस मिलमधल्या कामगारांच्या फुप्फुसांवरचा. देशोदेशीच्या लेखांत त्याचा दाखला देतात. कशासाठी देतात, हे कोणी सांगितलं का?

मी सांगतो.

त्या निबंधासाठी डॉक्टर गाडीवर दम मोजायचं, फुंकायचं यंत्र बांधून आमगावच्या मिलवर जायचे. कोंडा आणि भुसा नाकातोंडात जाणारी माणसं रांगेनं उभी. डॉक्टर ओरडायचे, "फुंका, फुंका, अजून फुंका!" माझा मोठा भाऊ त्या रांगेत होता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एवढा दम असता तं तुमच्याकडे कायले आलो असतो?" डॉक्टरही हसले. आज तो भाऊ नाही.

निबंधाच्या शेवटी डॉक्टरांनी एक वाक्य लिहिलं. यातले बरेच कामगार बीडी ओढतात, त्यामुळे हा त्रास फक्त धुळीनंच होतो असं या अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही. मी टाइप करता करता थांबलो. म्हटलं, "सर, हे वाक्य काऊन ठेवून राहिले? मिलवाले हेच पकडतील."

"पकडू दे. खरं आहे ते. तुझा भाऊ बीडी ओढत होता का नाही?"

"ओढत होता."

"मग टाइप कर."

केलं टाइप.

आणि पकडलं त्यांनी. कामगारांनी मागितलं काय होतं? धूळ बाहेर ओढणारे पंखे. लेबर ऑफिसात त्याची सुनावणी झाली, तिला मिलमालक शेठजी स्वतः आले. हो शेठजी, तुम्हीच. सोफ्यावर बसले आहात, मला दिसता. तुमच्या हातात तोच निबंध होता. तुम्ही ते एकच वाक्य वाचलं आणि म्हणालात, "हम थोड़ी बोल रहे हैं साहब, इनके डॉक्टर ने खुद लिखा है."

डॉक्टर तिथेच बसले होते. उठून एवढंच म्हणाले, "माझा दुसरा निबंध वाचा."

मंडळी, दुसरा निबंध कसा झाला? मागे जमिनीवर अंथरलेल्या दरीवर अनुसयाबाई बसल्या आहेत. मिलमध्ये कोंडा झाडायच्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "मी जन्मात बीडी तोंडाले लावली नाही. मंग मले हा खोकला कायचा?" त्या एका प्रश्नावर डॉक्टर पुन्हा गाडीवर यंत्र बांधून निघाले. या वेळी फक्त झाडणाऱ्या बाया. एकीनंही बीडी ओढलेली नाही. दम सगळ्यांचा तसाच तुटलेला. पहिल्या निबंधात जी शंका ठेवली होती, तिचं उत्तर त्यांनी स्वतः शोधून आणलं.

सुनावणीत शेठजींनी आणलेले नागपूरचे तज्ज्ञ काय म्हणाले? या दुसऱ्या निबंधाचा फारसा कोणी दाखला दिलेला नाही, त्यामुळे त्याला वजन नाही. वजन! पहिल्याचा दाखला देणारे जितके लेख मला मिळाले, तितके मी वाचले आहेत. कित्येकांनी तेच बीडीचं वाक्य उचललं आहे. ज्याला तुम्ही डॉक्टरांची कीर्ती म्हणता, ती त्या वाक्याची कीर्ती आहे. ते वाक्य घेऊन गिरण्या अजून तशाच चालून राहिल्या.

पंखे लागले नाहीत. डॉक्टर गेले.

आणि आज शेठजी हार घेऊन येतात. याच माईकवरून जाहीर करतात की मिलवाल्यांतर्फे दर वर्षी डॉक्टर टेंभरे स्मृती पुरस्कार. लोक टाळ्या वाजवतात. शोकसभेत टाळ्या!

शेठजी, डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तिथे फोटोजवळ बसल्या आहेत. तुम्ही जाहीर केलं तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून काय सांगितलं, ते ऐका. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना म्हणा, पुरस्काराला यांचं नाव मिळणार नाही. आधी पंखे लावा, मग माझ्या दारात या." वहिनींचा शब्द मी जसाच्या तसा दिला. आता माझा ऐका.

दोन्ही निबंध मी मराठीत केले आहेत. बीडीचं वाक्यही जागेवर ठेवलं आहे, कारण डॉक्टरांनी मला ते कधी गाळू दिलं नसतं. त्याच्या खाली अनुसयाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझं मशीन आहे, कागद माझा आहे. उद्यापासून तुमच्या प्रत्येक गेटवर ते चिकटतील. फाडा. मी पुन्हा लावीन. तुम्ही दमाल, मी दमणार नाही. माझा दम डॉक्टरांनी तपासलेला आहे. कोणी म्हणेल, आजच्या दिवशी तरी माफ करा. डॉक्टरांनी केलं असतं कदाचित. मी डॉक्टर नाही.

आता आपण उभं राहून शांत राहू या. एक विनंती आहे. मागे दरीवर मिलमधली माणसं आहेत, झाडणाऱ्या बाया आहेत. त्यांना खोकला येईल. येऊ द्या. पदर तोंडाशी लावू नका, बाहेर जाऊ नका, आवरू नका. डॉक्टरांनी आयुष्यभर तोच ऐकला. आज सोफ्यावरच्यांनीही ऐकावा, आणि तो थांबेपर्यंत कोणी खाली बसू नये.

उठा मंडळी. शेठजी, तुम्हीही.