अर्धा औंस जास्त

— रागवायचं ते नंतर रागवा, आधी तोंड उघडा. ग्रेव्ही गार झाली की तुम्ही थुंकता आणि ती नर्स मार्लीस माझ्यावर डोळे वटारते, जसं काही मीच रांधलंय. हं, अस्सं. आणि कागद काही चावत नाही तुम्हाला, ऑर्व्हिल! नुसती सही हवीय — डाव्या हातानं, कोंबडीचे पाय उमटले तरी चालतील, सुटकेच्या मंडळातल्या बाईंनी फोनवर तसं सांगितलंय मला. गुरुवारी सुनावणी. तुम्ही लिहून दिलं नाहीत तर डॅरल महिन्याभरात तुरुंगाबाहेर. आणि बाहेर आला की पहिला कुठं जाईल? चर्चला? माझ्या दारात येईल तो. घटस्फोटाचा कागद माझ्या कपाटात आहे, त्याच्या डोक्यात नाही.

परत वाचू? वाचते. "मी, ऑर्व्हिल टीटमन, नेब्रास्काच्या राज्य नेमबाजी स्पर्धेत पिस्तुलं तपासायच्या टेबलावर होतो. डॅरल हॉगनं वजन वाढवणारी जड दांडी स्वतः पिस्तुलात घातली, पकडला गेला, आणि त्या रागात मला मारलं. माझी वाचा गेली, उजवं अंग गेलं. त्याला सोडू नये." झालं. एवढंच तर आहे. — काय? कुठं बोट ठेवताय? "स्वतः घातली"? अहो, मग काय पऱ्यांनी येऊन घातली?

तुमचा स्वभावच मेला तसला. कोणी घातलं, का घातलं, जन्मात कुणाला विचारलं नाहीत. पिस्तूल काट्यावर ठेवायचं, आकडा हद्दीच्या वर गेला की साध्या पिस्तुलांच्या प्रॉडक्शन गटातून नाव काढून ओपन गटात. तिथं ती भिंगं लावलेली, गाडीच्या किमतीची पिस्तुलं, त्यांच्यापुढं कारखान्यातनं आली तशी बंदूक घेऊन माणूस जिंकणार काय, कपाळ? सख्ख्या जावयाला ओपनमध्ये टाकलंत — मुठीवरची खरखरीत पट्टी बोटभर पुढं चिकटवली म्हणून. पोरगी वर्षभर बोलत नव्हती तुमच्याशी. तेव्हा हसू यायचं मला, खरंच.

डॅरलला ठाऊक होतं की तुम्ही सोडणारे नाही. म्हणून तर मोजूनमापून काम केलं होतं त्यानं. पितळी मुठी बसवल्या — जड पिस्तूल हातात उडत नाही, दुसरी गोळी पटकन लागते — पण हद्दीच्या आत, केसभर का होईना आत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहादा तोललं, माझं पीठ बाजूला सारून. कोर्टात बोंबलत होता ना, "वर आणखी दांडी घालायला मी काय मूर्ख आहे का, माझ्या बायकोनं घातली!" — मूर्ख नव्हताच तो. दुष्ट होता, मूर्ख नव्हता... असं बघू नका. मी कुठं काय म्हटलं? पाणी प्या. प्या म्हणते ना!

बरं, म्हटलं तर म्हटलं. तुम्ही कुणाला सांगणार आहात?

त्या सोमवारी त्यानं माझी दोन बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. सावकाश. त्याच्या गोळ्या मी भरून द्यायचे, एका गोळीत दारू कमी पडली होती, म्हणून. ओरडायचीही सोय नाही, तोंडावर हात. हाड कट्कन वाजलं तेव्हा हसला आणि म्हणाला, आता तरी नीट भर. बरगडी त्याच्या आधीची, दात त्याच्याही आधीचे. तर शनिवारी सकाळी तो अंघोळीला गेला आणि मी त्याच्याच सुट्या भागांच्या डब्यातली जड दांडी उचलली. पिस्तुलाची वरची स्लाइड काढायची, स्प्रिंगमधली दांडी काढायची, दुसरी घालायची — अर्ध्या मिनिटाचं काम हो, मला त्या मोडक्या बोटांनी चार लागली. पाणी बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा पिस्तूल पिशवीत होतं आणि मी अंडी फोडत होते. अर्धा औंस जास्त! हातात घेतल्यावर केसाएवढा फरक कळतो म्हणून सगळीकडं मिरवायचा — नाही कळला मेल्याला.

मला एवढंच हवं होतं, की एकदा, एकदाच, चारचौघांत त्याचं नाक कापलं जावं. राज्यात पहिला यायचा माणूस ओपनमध्ये एक्केचाळिसावा लागावा. मार मला पडणार हे धरूनच चालले होते मी! तुमच्या टेबलासमोरच ट्रकमध्ये चष्मा काढून बसले होते, काचा डोळ्यात जायला नकोत म्हणून. तो मार माझा होता, ऑर्व्हिल. आणि तो माझ्याकडं आलाच नाही. काट्यावरचा आकडा बघितला आणि तुमच्याकडं वळला. काटा बरोबर आहे का बघायला तुम्ही ते पोलादी वजन ठेवायचात, तेच उचललं. पहिला घाव कानावर — तुम्ही खुर्चीसकट आडवे. मग छातीवर गुडघा, आणि पुन्हा डोक्यात, आणि पुन्हा, रक्त त्याच्या कोपरापर्यंत. माणसं मैदानातनं धावत येईपर्यंत सात घाव. मी मोजले. मोजत बसले, बघा! हॉर्न वाजवला नाही, दार उघडलं नाही. मला वाटत होतं — आता सांगूनच टाकते — मला बरं वाटत होतं. आज मी नाही, आज दुसरं कुणीतरी, असं वाटत होतं.

आणि कोर्टात बायबलवर हात ठेवून सांगितलं, मी त्या पिस्तुलाला शिवलेसुद्धा नाही. तीच दोन बोटं, वाकडी जुळलेली. तीन वर्षं दर रविवारी येते, बटाटे भरवते, ती मार्लीस मला देवमाणूस म्हणते. मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण म्हणून त्याला सोडायचं? घाव त्यानंच घातले ना? ते तर खोटं नाही ना? एक ओळ, ऑर्व्हिल, एका ओळीनं काय बिघडतं! तो सुटला तर या वेळी बोटांवर थांबणार नाही, तुम्ही पाहिलाय त्याचा हात.

हा घ्या पेन. घ्या ना. — घेतलात! अहो, देव तुमचं भलं करो. खाली, तिथं रेघ आहे बघा... नाही, खाली. तिथं नाही, ऑर्व्हिल, ती ओळ — अहो, काय करताय! खोडू नका! सोडा, पेन सोडा... केवढा जोर आहे हो तुमच्या या हातात.

आणि आता सही. किती सावकाश. किती स्वच्छ.

मारल्याचं राहू दिलंत, सोडू नये हेही राहू दिलंत, आणि नेमकी ती "स्वतः घातली"ची ओळ... मंडळातल्या बाई विचारणार ना, ही कोणी खोडली, का खोडली? डॅरलचा वकील समोरच असेल. मी काय सांगू? खरं सांगितलं तर खोटी शपथ माझ्या गळ्यात, आणि कागद दिलाच नाही तर तो माझ्या दारात. दुसरा लिहून आणते मी, ती ओळच नसलेला, कुणाला कळणारसुद्धा नाही... पेन का टाकलात? ऑर्व्हिल, इकडं बघा. माझ्याकडं बघा ना एकदा.

— ये मार्लीस, ये. हो, बेल त्यांनीच दाबली. खुर्ची खिडकीकडं वळवायचीय त्यांना. नाही गं, जेवले सगळं. मी निघालेच होते... काय? पुढच्या रविवारी? नको म्हणतायत, दिसलं मला. थांब, विचारू नकोस परत.