एकदाच विचारीन

(कास्सेल शहराबाहेरच्या भाड्याच्या बागा. रविवार दुपार. प्लमच्या झाडाखाली दोन म्हातारे शेजारी.)

लोमायरबाई : नको? बरं, मग केक झाकून ठेवते.

टीमान : पोट भरलं हो. पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच बोलावलंत. कुंपणाच्या चिठ्ठीवरून राग तर नाही ना?

लोमायरबाई : कुंपण वीतभर वाढलं म्हणून शेजारणीला चिठ्ठी पाठवणारा माणूस तुम्ही! राग आला होताच. पण बोलावलं ते वेगळ्याच कामाला. एक विचारायचंय, आणि एकदाच विचारीन. नको म्हणालात तर विषय संपला.

टीमान : विचारा ना.

लोमायरबाई : बागमंडळाच्या त्या उन्हाळी जेवणात तुम्ही म्हणाला होतात, 'आता हे अहो-जाहो पुरे करू या.' आठवतं?

टीमान : न आठवायला काय झालं? मी तुमच्याहून लहान. तसं म्हणायचा मान मोठ्यांचा, तरी तोंडातून निघून गेलं. तुम्ही म्हणालात, 'नको, आहे तेच बरं.'

लोमायरबाई : आणि तुम्ही पुन्हा चकार शब्द काढला नाहीत!

टीमान : अहो, तुम्ही नको म्हणाला होतात! त्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे मागे लागणंच की.

लोमायरबाई : तुमच्या हातात बिअरचा तिसरा मग होता! सकाळी उतरल्यावर परत 'लोमायरबाई' सुरू केलं असतंत, तर मी तोंड कुठे लपवलं असतं?

टीमान : सकाळी मला सगळं आठवत होतं.

लोमायरबाई : ते मला कसं कळणार? ऐका. माझी बहीण गेली आणि मला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही. डॉक्टर म्हणतात लोमायरबाई, पाद्री म्हणतात लोमायरबाई, पाववालीसुद्धा तेच. परवा आरशासमोर मीच माझं नाव घेऊन पाहिलं. इतकं एकटं वाटलं म्हणून सांगू!

टीमान : अहो...

लोमायरबाई : तर मी मोठी, मान माझा. माझं नाव गेझीने. मला तू म्हणाल का?... बोला की! जीव टांगणीला लागलाय माझा.

टीमान : आनंदानं. अगदी मनापासून. मी एकहार्ट.

लोमायरबाई : ठाऊक आहे. तुझ्या फाटकावर पाटी आहे. पण हे कॉफीवर भागायचं नाही, ग्लासाला ग्लास लागला पाहिजे. बागेतल्या खोपटात माझी चेरीची दारू आहे.

टीमान : तुम्ही बसा, मी आणतो.

लोमायरबाई : तुम्ही?

टीमान : तू. तू बस. जिभेला वळण पडायला वेळ लागणार हो.

लोमायरबाई : लागू दे. जा आत, बाटली खिडकीत आहे.

टीमान : बाटली सापडली! गेझीने, अगं, छोटे ग्लास कुठे ठेवलेस?

लोमायरबाई : काय म्हणालास?

टीमान : गेझीने, ग्लास कुठे आहेत?

लोमायरबाई : पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं रे. वरच्या फळीवर बघ.