मागचं डावं चाक

...आणि वर तो कॅमेरावाला म्हणजे असा दावा साधतो ना माझ्याशी, काय सांगू तुम्हाला, गाडी आत येते, मी खुर्चीत पुढे सरकते, चष्मा पुसून तयार, आणि हा बाबा नेमका त्याच वेळी दाखवतो कुणाला, तर ड्रायव्हरच्या बायकोला. ती आपली गॉगल लावून उभी. अगं बाई, तुझा नवरा दोन तास दिसतोय सगळ्या जगाला, तू जरा सरक की बाजूला, माझा मुलगा दिसतो अडीच सेकंद. अडीच सेकंद, आणि तेही पाठमोरा.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी काय बरळतेय. माझा एकुलता एक मुलगा मोटारींच्या शर्यतीत कामाला आहे. ड्रायव्हर नाही हो, सगळे हेच विचारतात आणि मग सगळ्यांची तोंडं एवढीशी होतात. शर्यत चालू असताना गाडी मध्येच आत येते, जॅकवर चढते, चारी चाकं बदलतात आणि सुसाट परत जाते, ते चाकं बदलणाऱ्यांतला तो एक. पहिल्यांदा फोनवर म्हणाला, "आई, मला बंदूक मिळाली." माझ्या हातातलं पातेलं खाली. थोरल्या बहिणीला सांगितलं तर ती आठवडाभर नातेवाइकांत कुजबुजत होती, "पोरगा चांगल्या घरातला, पण बघा कुठल्या मार्गाला लागला." मग कळलं की चाकाचा नट सोडवायचं नि आवळायचं यंत्र असतं, त्याला ते लोक बंदूक म्हणतात. एका चाकाला तिघं. एक बंदूकवाला, एक जुनं चाक ओढणारा, एक नवं बसवणारा. आमचा मागच्या डाव्या चाकाचा बंदूकवाला.

आता तिथं वीसेक जण, सगळ्यांचे कपडे सारखे, हेल्मेटं सारखी, गुडघ्यावर बसायची तऱ्हासुद्धा सारखी. तुम्ही म्हणाल, आईला ओळखू येतंच. कुठलं येतंय... सुरुवातीला कितीतरी दिवस मी उजव्या चाकावरच्या कुणा परक्याच्या पोराकडे बघून डोळे पुसत होते. मग यानं सांगितलं, "अगं आई, मनातल्या मनात गाडीच्या मागे उभी राहा आणि डावा हात वर कर. त्या बाजूचा मी." तेव्हापासून दर शर्यतीला मी हात वर करूनच बसते. अडीच सेकंद, आणि तेही पाठमोरा, पण आपलाच.

मी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर होते, निवृत्त होईपर्यंत. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचं लेकरू, सगळ्यांना जोडून दिलं. धरा हं, देते, असं दिवसभर. आता माझाच फोन जोडून द्यायला कुणी नाही. हा करतो की फोन, नाही म्हणत नाही मी, पण कसा, तर "आई, विमानतळावर आहे, उतरलो की बोलतो." उतरला की झोपतो. उठला की टायर. नवरा गेल्यापासून घरात बोलतं ते एक घड्याळ, आणि एक मी.

आणि पंक्चरवाले. ते आमच्याच इमारतीत खाली सायकलींचं दुकान चालवतात, रविवारी दुपारी दुकान बंद, म्हणून शर्यत बघायला वर येतात. चांगला माणूस, पण आमचं दोघांचं टायरवरून भांडण. त्यांनीच मला शिकवलं सगळं. म्हणे, "ताई, टायर दोन तऱ्हेचे. मऊ टायर रस्त्याला घट्ट धरतो, गाडी पळते, पण लवकर झिजतो. कडक टायर पळतो कमी, टिकतो जास्त. एकदा बदलायला आत आलं की वेग कमी करून आतबाहेर करण्यातच वीसबावीस सेकंद गेली पाण्यात. म्हणून टायर सांभाळून एकदाच आत येणारा कधीकधी सगळ्यात वेगवान गाडीलाही मागे टाकतो." मी म्हटलं, म्हणजे टायर टिकला तर माझा मुलगा एकदा दिसणार आणि झिजला तर दोनदा? तर म्हणतात, "अहो, पण हरतील ना." हरू देत. मला काय करायचाय त्यांचा कप? सगळं जग देवाजवळ मागतं की टायर टिकू दे, मी एकटी इथे बसून म्हणते, झिज रे बाबा, झिज. ते असे बघतात माझ्याकडे, जसं मी त्यांच्या दुकानासमोर खिळे टाकलेत.

आणि टायर कधी बदलायचा हे ठरवतं कोण माहितीये? मुलगा सांगतो, भिंतीपाशी स्टुलावर एक आकडेमोड करणारा बसतो, चारपाच पडदे समोर घेऊन. सगळे त्याला हवामान खातं म्हणतात, कारण तो म्हणाला कोरडं तर हे छत्री काढतात. तर गेल्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला या हवामान खात्यानं ठरवलं, एकदाच थांबायचं. झालं. म्हणजे माझा वर्षाचा हिशेब तिथंच आटोपला. त्यात ते एकदाचं थांबणं झालं तेव्हा दाखवलं कुणाला? गॉगल. मी चिडून टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडायला बसले.

पण पंक्चरवाले काही हलेनात. म्हणाले, "ताई, इकडे बघा, तुमची गाडी पहिली आहे." खरंच पहिली. बाकीचे दोनदोनदा आत जाऊन आले आणि आमचा ड्रायव्हर त्याच कडक टायरांवर वळणावळणाला जपून, मुलाला कडेवर घेतल्यासारखा चालवत पुढे. ह्या संघानं जन्मात शर्यत जिंकलेली नव्हती. मलाही मग वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू, की जिंकू देत पोरं एकदा. निवडलेली भाजी बाजूला सारून मी पुन्हा टीव्हीकडे वळले. झिज म्हणायचं बंद केलं.

आणि तेवढ्यात मागे कुणीतरी भिंतीवर आदळलं. ड्रायव्हर उतरला आपल्या पायांनी, काही झालं नाही त्याला. पण असं झालं की एक दिवेवाली गाडी पुढे येते आणि सगळ्यांना तिच्या मागे रांगेत हळूहळू चालावं लागतं. पंक्चरवाले उठून उभे. "आता बदलून घ्या. सगळे हळू चाललेत, आता थांबलं तर नुकसान कमी. मागून येणारे नवे टायर घालणार, आणि रस्ता मोकळा झाला की ह्या झिजलेल्यांना गिळून टाकणार." हवामान खात्यालाही तेच वाटलं. गाडी आत आली.

आणि कॅमेरा, तुम्हाला सांगते, ह्या वेळी कॅमेरा बरोबर तिथं. मागचं डावं चाक, अगदी पडदाभर.

तीन चाकं झाली. आमचं होईना. नट अडकला. हा बंदूक लावतो, काढतो, पुन्हा लावतो, ती नुसती फिरतेय, जुनं चाक ओढणारा तसाच हात पसरून बसलेला, नवं चाक घेतलेला तसाच ताटकळलेला, आणि एकएक गाडी शेजारून निघून चालली. मी मनातल्या मनात म्हणतेय, सावकाश रे, घाई करू नको, लहानपणी बटण लावताना सांगायचे तसं. आणि तरी, कशाला लपवू, मी बघत होते. त्याची पाठ, मान, डावा खांदा जरा खाली पडतो तो, त्याच्या वडिलांसारखा. इतका वेळ मी त्याला कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं.

सुटला शेवटी नट. आत आली तेव्हा पहिली होती गाडी, बाहेर पडली तेव्हा अकरावी. संपलं.

तो टायरांच्या ढिगापाशी जाऊन बसला. हेल्मेट काढलं. आणि कॅमेरावाला, जो कधी नाही तो, हळूहळू जवळ, जवळ, जवळ. कानशिलावर केस पांढरे झालेत त्याचे. माझा मुलगा पिकायला लागलाय हे मला टीव्हीवरून कळलं. मग तेच पुन्हा दाखवलं, वरून, बाजूनं, सावकाश करून, आणि ते बोलणारे दोघं, "मागच्या डाव्या चाकावर घात झाला, वर्षभराची मेहनत त्या माणसानं घालवली." त्या माणसानं. नावसुद्धा नाही घेतलं.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "अगं दिसला, दिसला. आणि किती वेळ दाखवतायत गं. नशीब काढलं पोरानं." म्हटलं, हो.

पंक्चरवाल्यांनी टीव्ही बंद केला. मी म्हटलं, मीच म्हणत होते ना वर्षभर, झिज म्हणून. ते म्हणाले, "ताई, टायर रस्त्यानं झिजतो. तुमच्या बोलण्यानं झिजला असता तर माझं दुकान तुम्ही एकट्यानं चालवलं असतं." चप्पल घातली आणि गेले. मी ती भाजी निवडत बसले, आधीच निवडलेली.

संध्याकाळी ह्याचा फोन. आवाज अगदी सपाट. "आई, शर्यत पाहिलीस?" मी म्हटलं, "नाही रे, नेमका मावशीचा फोन आला, तुला माहितीये ती एकदा बोलायला लागली की... राहूनच गेली. काय झालं?" मग म्हणाला, "काही नाही. हरलो." म्हटलं, "जेवलास?" म्हणाला, "तू काय केलंयस?" मी भाजी सांगितली. ती कशी केली ते त्यानं विचारलं. जन्मात न विचारलेलं, फोडणीत आधी काय टाकतेस. मग बाल्कनीतल्या कुंडीचं विचारलं, नळ गळायचा तो गळतो का विचारलं, पंक्चरवाल्यांचा गुडघा विचारला. विमानतळ नाही, काही नाही. दोघांनाही फोन ठेवता येईना. मी किती जणांचे फोन जोडून दिले आयुष्यात, पण इतका लांबलेला माझ्या वाट्याला तोच.

कामावरून काढलं नाही त्याला, तेवढी माणुसकी आहे त्यांच्यात. पण बंदूक काढून घेतली. नव्या मोसमात आता तो आत टायर तापवायच्या कामावर, गार टायर रस्ता धरत नाही ना, म्हणून त्यांना पांघरूण घालून ऊब देतात. शर्यत सुरू झाली तशी मी सवयीनं खुर्ची ओढली, चष्मा पुसला, गाडी आत आली, आणि कॅमेरावाला इतक्या नेमानं चारी चाकं दाखवायला लागलाय आता, गॉगलवाली नावाला नाही. आणि मागच्या डाव्या चाकावर कुणा दुसऱ्याच बाईचा मुलगा.

रात्री फोनवर विचारलं, "अरे, तू नेमका उभा असतोस तरी कुठे?"

म्हणाला, "कॅमेरावाल्याच्या मागे."

चला. म्हणजे मला जे दिसतं, तेच त्यालाही दिसत असणार.